हरलेल्याच्या तोंडची ओळ

खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना जपानी व्हिडिओ गेम रत्नदीपने साजगावच्या कारखान्यातली ड्युटी सांभाळून, निव्वळ हौसेपोटी मराठीत आणला. त्यातला दुकानदार मराठी बोलू लागला, शर्यत बघायला येणारी म्हातारीसुद्धा. घोडं अडलं ते एका ओळीवर. शर्यत हरलेला मुलगा जिंकणाऱ्यासमोर कमरेत वाकतो आणि म्हणतो, ‘तुमची गाडी खरंच सरस होती. मला पुष्कळ शिकायला मिळालं.’ अर्थ सोपा होता, पण आता आपल्याकडे हरल्यावर असं बोलतं कोण?

त्याने बायकोला विचारलं, तर मेघा म्हणाली, “मला काय म्हाईत? मी कधी हरलेय?”

काळूरामकाका पंचायतीच्या निवडणुकीत पडले होते. ते भडकलेच. “पडलो नाय रं, घरच्यांनीच पाडलं मला!”

शेवटी त्याने गजाला गाठलं. गजा गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान, रविवारीच फायनल हरून आलेला.

“गजा, हरल्यावर समोरच्याला काय म्हणतोस रं?”

“हरलो कुठं? अंपायर त्यांच्याच गावचा व्हता!”

रत्नदीपला ओळ सापडली. त्याच आठवड्यात त्याने गेम नेटवर टाकला. आता तो जपानी मुलगा कमरेत वाकतो, डोळे मिटतो आणि अगदी अदबीने म्हणतो, “हरलो कुठं? अंपायर तुमच्याच गावचा व्हता!”

खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, “वा! भाषांतर वाटतच नाही.”