दुसरी कोळंबी

कोळंबी मेली होती, यात शंकाच नव्हती. काचेच्या टाकीच्या तळाशी, पांढऱ्या वाळूवर ती आडवी पडली होती. मिशा जागच्या जागी, पाठीवरचा पांढरा पट्टा जागच्या जागी, जीव तेवढा जागेवर नव्हता. सासरेबुवांनी काचेवर टिचकी मारून पाहिली. मग खुर्ची ओढून ते मटकन खाली बसले.

टाकी जावयाची. दोन हात लांब, खाऱ्या पाण्याची. आत खडक, खडकावर प्रवाळ आणि भोवती दोन नारिंगी मासे. जावई दातांचा डॉक्टर, त्यामुळे माशांच्या तोंडात शिरून साफसफाई करणाऱ्या या कोळंबीवर त्याचा भारी जीव. तिला तो ‘माझी असिस्टंट’ म्हणायचा. लेक आणि जावई आठ दिवसांसाठी बाहेर गेले, तेव्हा त्याने दवाखान्याच्या कागदावर सतरा सूचना लिहून दिल्या होत्या. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज खुणेपर्यंत साधं पाणी घाला, खारं नको. खाणं चिमूटभरच. साबणाचा हात पाण्यात घालू नका. सासरेबुवांना सतराच्या सतरा पाठ झाल्या होत्या.

त्यांनी तीस वर्षं बस चालवली. घरात मात्र ते हात लावतील ते मोडायचं. लेकीकडे राहायला येऊन सहा महिने झाले, तेवढ्यात मिक्सरचं भांडं, बाल्कनीचं दार आणि जावयाच्या आईने दिलेली चिनी मातीची बरणी, असे तीन बळी गेले होते. जावई दर वेळी “असू द्या बाबा” म्हणायचा. त्यापेक्षा तो चिडला असता तर बरं, असं सासरेबुवांना वाटायचं. त्यांनी आपली बॅगही अजून पुरती रिकामी केली नव्हती. जावयाने भरवशाने हातात दिलेली ही पहिलीच गोष्ट, आणि चौथ्याच दिवशी तिचा निकाल लागला होता. आपण आपलं जुन्या खोलीवर एकटं राहिलेलंच बरं, असं मनात आलं आणि त्यांना भरून आलं.

पण ब्रेक लागले नाहीत म्हणून कुणी स्टिअरिंग सोडत नाही. त्यांनी कोळंबी हलकेच बाहेर काढली आणि काडेपेटीत ठेवली. ती हाताला लागलीसुद्धा नाही, इतकी हलकी. बिचारी खंगून गेली असेल, असं म्हणून त्यांनी काडेपेटी खिशात टाकली आणि सूचनांचा कागद घेऊन माशांचं दुकान गाठलं.

“लाल रंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी द्या,” ते म्हणाले.

दुकानातल्या बाईंची नजर कागदावर गेली. “अच्छा, दातांच्या डॉक्टरांकडून आलात. त्यांची आधीची बरी आहे ना?”

“ठणठणीत,” सासरेबुवा म्हणाले. खिशातली काडेपेटी टोचत होती. “जोडी असावी म्हटलं.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “न्या. नकोशी झाली तर चार दिवसांत परत आणा. हिला जायची-यायची सवय आहे.”

घरी येऊन त्यांनी, बाईंनी सांगितलं होतं तसं, बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत नवीला तासभर रुळवलं आणि मग आत सोडलं. जुनीपेक्षा ही जरा लहान वाटत होती, पण आठ दिवसांत कुणाला काय आठवतंय? त्यांना चार रात्री झक्क झोप लागली.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीचा दिवा लावला. आत दोन कोळंब्या होत्या.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. तरी दोनच. जुनी तर काडेपेटीत होती, मग ही दुसरी आली कुठून? संध्याकाळी लेक-जावई येणार होते, आणि दिवसभर लोकांचे बत्तीस-बत्तीस दात मोजणाऱ्या माणसाला दोन कोळंब्या मोजता येणार नाहीत, असं थोडंच आहे? बरं, यातली नवी कुठली? सासरेबुवांनी साबण न लावता हात धुतला आणि पाण्यात धरला. एक कोळंबी सरळ अंगठ्यावर चढली आणि नख साफ करू लागली. इतकी धीट म्हणजे दुकानातलीच, असं ठरवून त्यांनी तिला बरणीत घेतलं.

दुकानात मात्र त्यांच्याने राहवलं नाही. त्यांनी काडेपेटी उघडून बाईंसमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

“अहो, हे नुसतं टरफल आहे,” बाई म्हणाल्या. “साप कात टाकतो तशी ही अंगावरचं कवच टाकते. मग अंग कोवळं असतं, म्हणून दोन-चार दिवस खडकामागे दडून बसते.”

“मग कागदावर हे का नाही? सतरा सूचना लिहिल्यात.”

बाईंना हसू आवरेना. “कसे लिहितील? दोन महिन्यांपूर्वी स्वतःच आले होते, असंच टरफल कापसात गुंडाळून. हीच कोळंबी नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. वर मला बजावलं, ‘सासऱ्यांच्या कानावर घालू नका. त्यांनी तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही, आणि माझ्याच्याने एक कोळंबी सांभाळली गेली नाही. त्यांना काय तोंड दाखवू?’”

सासरेबुवांनी काडेपेटी बंद करून पुन्हा खिशात ठेवली. बाईंनी बरणी घ्यायला हात पुढे केला, तशी त्यांनी ती छातीशी धरली.

“राहू दे ही आमच्याकडेच,” ते म्हणाले. “संध्याकाळी जावई घरात आले की त्यांना दोन दिसल्या पाहिजेत.”