बारा शब्दांचं कुलूप

"जगाच्या किल्ल्या बनवतोस, आणि एवढी एक देता येत नाही?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

किल्लीवाला पिंजऱ्यात उभा होता. "आठवत नाही, बाईसाहेब."

मागच्या बाकांवर निवृत्त माणसं बसली होती. क्रिप्टोत दामदुप्पट होईल म्हणून म्हातारपणाची पुंजी देऊन बसलेली. पुंजी कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तपास अधिकाऱ्यानं ती पडद्यावर दाखवलीसुद्धा होती. काचेआडच्या माशासारखी, दिसते, पण हाताला लागत नाही. ते खातं उघडायला बारा शब्द लागत, ठरलेल्या क्रमानं. शब्द कुठेही लिहिलेले सापडले नाहीत. म्हणजे ते कुणाच्या तरी डोक्यात होते, आणि डोक्यावर काही जप्ती आणता येत नाही.

म्हणून बाईंनी जुनंच हत्यार काढलं. लॅपटॉप किल्लीवाल्याच्या दुकानात मिळाला होता, आणि 'माझाच आहे' असं तो स्वतः म्हणाला होता. मग शब्द सांगेपर्यंत कोठडी, न्यायालयाच्या अवमानाबद्दल.

"तुरुंगाची किल्ली तुझ्याच जिभेवर आहे," बाई म्हणाल्या.

धाकटी बहीण दर भेटीला तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन यायची. दुकानाची बिलं, फोन, सगळं तीच बघायची. भावाला स्वतःचा नंबरही तिलाच विचारावा लागे.

"दादा, खरं काय ते सांगून टाक. हात जोडते."

"पोरीला दात आला का गं?"

"विषय बदलू नकोस. खोकून खोकून बरगड्या दिसायला लागल्यात तुझ्या."

"बरंच की. आणखी बारीक झालो की गजांतून निघून येईन." मग तो हळूच म्हणाला, "हिला आई लागते. मामाचं काय एवढं!"

दाराशी उभा असलेला पहारेकरी पुटपुटायचा, "माणूस आहे की दगड!"

हिवाळ्यात तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की फुप्फुसं गेली आहेत, कोठडीत हा टिकायचा नाही. बाईंनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला.

"कायदा कुणाचा जीव घ्यायला बसलेला नाही. पण या लोकांचंही म्हातारपण आहे. शेवटचं विचारते."

"आठवत नाही," तो खोकत म्हणाला.

मागच्या बाकावरून बहीण उठली. तिनं लेकीला शेजारच्या आजींच्या मांडीवर ठेवलं. पुंजी गेलेल्यांपैकीच होत्या त्या. मग उभ्या उभ्या तिनं बारा शब्द म्हटले, न अडखळता.

"गप्प बस, वेडे!" किल्लीवाला ओरडला.

अधिकाऱ्याची बोटं चालली. पडद्यावरचं खातं उघडलं. बाकांवर कुणीतरी हुंदका दिला.

बाई कित्येक महिन्यांनी हसल्या. "शेवटी बहिणीपाशी तरी तोंड उघडलंस! कायद्याला जमलं नाही ते या पोरीनं केलं. काढा त्याच्या बेड्या."

शिपायानं बेड्या काढल्या. किल्लीवाला कठडा धरून मटकन खाली बसला.

बहीण शिपायासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं आपले दोन्ही हात पुढे केले.