शुक्रवारची सर्व्हिसिंग

सकीनाने फोनचा रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबला आणि हातातल्या पान्याने चुलीवरच्या तव्यावर दोन ठोके दिले.

"हळू, हळू!" शारजाहून तिचा नवरा कमरुद्दीन ओरडला. "बोल्टचे आटे जातील!"

"बरं," म्हणून तिने तवा जरा बेताने बडवला.

"निघालं का जुनं ऑइल?"

"निघालं. काळंकुट्ट झालंय."

"बघ, म्हणून सांगतो, वेळच्या वेळी बदलावं. आता प्लग काढ आणि घासून घे."

गाडी असती तर तिने तोही काढला असता. काम तिला चांगलं येत होतं. नव्हती ती गाडीच.

दोन माणसांची, कापडी टप मागे दुमडणारी ती विलायती गाडी कमरुद्दीनने मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून घेतली, तेव्हा पनवेलचा अख्खा मोहल्ला पोट धरून हसला होता. एवढ्याशा गाडीत बसणार कोण? "आम्ही दोघंच तर आहोत," तो म्हणाला होता. मूलबाळ नव्हतंच. पुढे तो आखातात गेला आणि गाडी सकीनाच्या हवाली झाली. जुम्म्याची नमाज आटोपली की त्याचा फोन येई, आणि तिकडून सांगून सांगून तो तिच्याकडून सगळं करून घेई. कार्बोरेटर साफ करणं, ब्रेक ऑइल भरणं. मग हौस वाढली. हॅलोजनचे दिवे झाले, दोन सुरांचा हॉर्न झाला. शेजारच्या बायका नाकं मुरडत, पण सकीना ओढणी कमरेला खोचून गाडीखाली शिरे.

कमरुद्दीन मुलखाचा अबोल. गाडी येण्याआधी त्याचे फोन म्हणजे "खुशाल?" "खुशाल." "ठेवतो मग." गाडीचा विषय निघाला की मात्र फोनचं कार्ड संपेपर्यंत बोले. मध्येच विचारी, जेवलीस का. त्या एका प्रश्नावर तिचा आठवडा निघे.

दोन हजार पाचच्या पुरात गाढी नदी मोहल्ल्यात शिरली. शेडची मागची भिंत गाडीवर कोसळली. चिखलातून जे निघालं ते भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेलं. फोन सुरू झाल्यावर कमरुद्दीनने पहिलं विचारलं, "गाडीला पाणी नाही ना लागलं?"

तिला राग आला. मग भीती वाटली. गाडी गेली म्हणावं, तर पुढच्या जुम्म्याला हा बोलणार काय?

"नाही लागलं," ती म्हणाली.

एक खोटं पचवायला शंभर खोटी बोलावी लागतात म्हणतात. सकीनाने ती आठवड्याला एक या बेताने चालवली. भिंत पुन्हा बांधून घेतली, शेडला कुलूप लावलं. कमरुद्दीनबरोबर तिकडे राहणारा, उरणजवळच्या मोऱ्याचा कुंदन कोळी एकदा सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या हाती गाडीसाठी नवे आरसे आले. "गारी बगू द्या ना, वयनी," कुंदन म्हणाला. तिने किल्ली सापडत नाही म्हणून चहावर भागवलं. आरसे कपाटात गेले.

पुढच्या साली कमरुद्दीनला रजा मिळाली नाही, त्यापुढच्या सालांतही नाही. पूर्वी तो पार्टची चित्रं काढून पाठवायचा, तेही बंद झालं. म्हणाला, कागदावर काढत बसायचा कंटाळा येतो, तोंडीच सांगतो. फोन मात्र लांबत गेले. "पुसलीस ना? मग आता उन्हात कशी दिसते ते सांग. नीट सांग." आणि सकीना नीट सांगे. बोनेटवर आभाळ उतरतं म्हणे, शेजारची मांजर स्वतःला बघून फिस्कारते म्हणे. तो तिकडे गप्प ऐकत राही. फोन ठेवल्यावर तिला रडू येई. इतकं तर लग्नाच्या नव्या नवलाईतही ती दोघं बोलली नव्हती.

मग एका जुम्म्याला तो म्हणाला, "नोकरी सोडली. कायमचा येतोय."

कायमचा. किती वर्षं ती या शब्दाची वाट बघत होती, आणि आता अन्न गोड लागेना. शेवटी तिने ठरवलं, तोंडाने सांगायची हिंमत नाही तर शेडचं दार उघडून द्यायचं. ओरडेल, बोलणं टाकेल. कदाचित पुन्हा निघून जाईल. पण आता खोटं पुरे.

टॅक्सी दारात थांबली. कमरुद्दीन वाळला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. कुंदनने त्याचा दंड धरला होता.

"पायरी हाय, भाई."

"सलाम, सकीना," कमरुद्दीन म्हणाला. "अगदी होतीस तशीच आहेस."

अर्धे केस पांढरे झाले होते तिचे. ती लाजून हसली. काय बोलावं ते त्याला परदेशात कळायला लागलं म्हणायचं!

कुंदनने बॅगा आत ठेवल्या. सकीनाकडे न बघताच तो म्हणाला, "मी निंगतो, वयनी. उरनची यष्टी चुकंल." चहालाही थांबला नाही.

"तुम्ही बसा. चहा टाकते."

"आधी गाडी," कमरुद्दीन म्हणाला. तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. चारचौघांत कधी बोटाला बोट न लावणारा माणूस, अंगणभर तिच्या खांद्यावर हात ठेवून चालला. तिचा जीव तुटत होता. या हाताची ही शेवटचीच वेळ, असं तिला वाटलं.

तिने कुलूप काढलं आणि दोन्ही दारं सताड उघडली. दुपारचं ऊन आत पडलं. समोर रिकामी शेड होती, चारी भिंती आणि झाडून काढलेली जमीन. सकीनाने मान खाली घातली.

कमरुद्दीनने चष्मा काढला. शेडकडे तोंड करून तो बराच वेळ उभा राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"वा, सकीना!" तो म्हणाला. "काय झळकतेय! सोडून गेलो होतो त्याहून सुंदर ठेवलीस."