कोरीव कठडा

रघुवीरकाका रोज सकाळी गिरगावच्या ग्रुपवर पाडून टाकलेल्या एखाद्या चाळीचा जुना फोटो आणि त्यामागची गोष्ट टाकत. लोक हात जोडायचे, हळहळायचे आणि कामाला लागायचे. दहा वर्षं हेच लिहून काका कंटाळले होते. आज त्यांनी गोष्ट लिहिलीच नाही, नुसता एका जिन्याच्या कोरीव कठड्याचा काळा-पांढरा फोटो टाकला.

वरच्या मजल्यावरच्या उन्मेषचा लगेच मेसेज आला. "काका, काय काम आहे हो! असलं पाडायला लोकांचा हात तरी कसा धजावला? कुठल्या चाळीतला हा?"

काकांनी चष्मा पुसला आणि सावकाश टाईप केलं,

"आपल्याच. काल रीडेव्हलपमेंटसाठी माझी सही घ्यायला तू हाच कठडा धरून खाली आलास."