एक्केचाळिसावा हात

शाळेच्या पडवीत एक्केचाळीस मुलं होती. बर्फाच्या पेटीत क्षयाच्या लसीच्या तीन कुपी होत्या. मजीदच्या हातात मिलिमीटरची पारदर्शक पट्टी होती. आतापर्यंत त्याने चाळीस हात मोजले होते आणि चाळीसही सुजलेले होते.

असं होणं शक्य नव्हतं. तीन दिवसांपूर्वी त्याने स्वतः प्रत्येक हातात तपासणीचं औषध टोचलं होतं. ज्याच्या अंगात क्षयाचे जंतू आधीच शिरलेले असतात, त्याच्याच हाताला गाठ येते. त्याला मग लस देऊन उपयोग नसतो. सपाट हात म्हणजे मूल अजून वाचलेलं. लस त्याच्यासाठी. खाडीकाठच्या या गावात मुंबईहून खोकला घेऊन परतलेला माणूस एकच होता, मजीदचा मेहुणा युसुफ.

लस थोडी आणि गावं फार. म्हणून अर्ध्याहून जास्त मुलांना गाठ आली, तर त्या गावात कुपी फोडायची नाही, पेटी पुढच्या गावाला न्यायची, असा नियम होता. दिल्लीच्या कचेरीत बसून तो मजीदनेच लिहिला होता. त्याच कामाच्या जोरावर त्याची जिनिव्हाच्या मोठ्या कचेरीत निवड झाली होती. जाण्यापूर्वी नियम चालताना बघावा, म्हणून त्याने आपलंच गाव मागून घेतलं होतं.

त्याने चाळिसाव्या मुलाचा हात पुन्हा धरला. कातडी काळवंडली होती. मध्ये फोड होता.

"फातिमाचाची, याला काय लावलं?"

"बिब्बा," मुलांच्या रांगेशी उभी असलेली फातिमा म्हणाली. "सगळ्यांना मीच लावला. देवीची टोचणी माज्या पोरीची, जैनबची उठली नाय. साहेब बोलला, उठली नाय म्हंजे लागली नाय, परत येतो. त्याच्या आधी देवीच आली, घेऊन गेली तिला." तिने त्या मुलाची बाही खाली ओढली. "या खेपेला एकाची उठल्याबिगर ठेवली नाय. आता तू जा तुज्या विलायतेला खुशाल."

मजीदने पट्टी खाली ठेवली. फोडाखाली खरी गाठ आहे की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कातडी बरी होऊन पुन्हा तपासायला महिना गेला असता. येत्या आठवड्यात बोटी बंद होणार होत्या, त्या पावसाळा संपेपर्यंत. आणि न तपासता लस टोचू नये, हेही त्यानेच लिहिलं होतं.

त्याने पेटीचं झाकण लावलं.

तेवढ्यात हमिदा, त्याची धाकटी बहीण, युसुफची बायको, आपल्या मुलीला, कुलसुमला ओढत पुढे आली. हमिदाचे डोळे रडून सुजले होते.

"भाई, तू बोललास काय लावू नको, म्हणून मी हिला लावू दिला नाय. आता बायका हसतात मला. हिचा एकटीचाच उठला नाय."

कुलसुम सहा वर्षांची होती. सहा महिने ती बापाच्या, युसुफच्या ताटात जेवत होती, त्याच्याच कुशीत झोपत होती. गावात जंतू पसरले असतेच, तर ते सगळ्यांत आधी या मुलीत असायला हवे होते.

मजीदने तिचा हात उजेडात धरला. टोचलेल्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग पट्टी ठेवली.

शून्य मिलिमीटर.