काचेतला अकरा मार्च

"थांबा काकू, अजून थोडं मागे जाते," म्हणत शिरीनने काचेकडे रोखलेल्या भिंगावरची कडी फिरवली, आणि समोरच्या इमारतीच्या काचेच्या वीस मजल्यांवरचं आजचं आभाळ विरघळून अकरा वर्षांपूर्वीच्या अकरा मार्चचं उमटलं. खाली तेव्हाचा गुलमोहर उभा राहिला, तेव्हाची चहाची टपरी, किटलीवरची वाफसुद्धा. काच प्रत्येक प्रतिबिंब थराथराने साठवते हे कळल्यापासून लोक इथे गेलेली माणसं शोधायला येत. उद्या मात्र ही काच उतरवणार होते.

"आमचे हे दिसायचे नाहीत गं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "इमारतींचे फोटो काढायचे ना. काचेत आपण दिसलो की फोटो वाया, म्हणून कायम काळ्या पडद्यामागे. घरात त्यांचा एक धड फोटो नाही."

काचेतल्या रस्त्यापलीकडे तो पडदा होताच, मध्ये लेन्सपुरतं भोक. शिरीन कडी आता हळूहळू पुढे फिरवत राहिली. काचेतलं ऊन उतरलं. पडद्याची घडी झाली, आणि घामेजलेला एक माणूस सरळ काचेपाशी आला. खिशातून कंगवा काढून तो मन लावून भांग पाडू लागला.

दिवसभर उन्हात राबून हे घरी इतके नीटनेटके कसे येतात, हे कोडं सरोजिनीबाईंना चौतीस वर्षं सुटलं नव्हतं.

काचेत, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, त्याने कंगवा खिशात ठेवला आणि घरी जाण्याआधी हसू जमतंय का, ते करून पाहिलं.

सरोजिनीबाईंनी घाईघाईने कपाळावरचे केस सारखे केले.