सदाशिवकाकांचा आपटा

चंदीगडच्या मराठी मंडळींचा दसरा म्हणजे मनीमाजऱ्यातलं सदाशिवकाकांचं अंगण. काकांनी साताऱ्याहून आणून लावलेल्या आपट्याची पानं सगळे वीस वर्षं सोनं म्हणून लुटत होते.

२००७च्या दसऱ्याला त्यांच्यातली पीएचडी करणारी सुमेधा मात्र तोंड पाडून बसली होती. सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून तिने प्रयोगशाळेत डीएनए ओळखणारा सेन्सर बनवला होता. आपट्याचा डीएनए लागला की विजेचा सिग्नल यायला हवा. तीन महिने ती याच झाडाची पानं नेऊन तपासत होती आणि सेन्सर आपला ढिम्म.

"सोनं घे," काका म्हणाले, "आणि चेहरा का असा?"

"काका, तुमच्याच आपट्याची पानं घेते, तरी सेन्सर ओळखत नाही. सर म्हणतात, आता गुंडाळ."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

 

"गुंडाळू नकोस, पोरी. गावचा आपटा पहिल्याच थंडीत गेला, त्याच्या जागी मी गुपचूप तशाच पानांचा इथला कांचन लावलाय. फक्त दसऱ्याला तुझं ते यंत्र इकडे आणू नकोस."